खेड्यांतील रुग्णसेवा आणि जामखेडचा प्रयोग

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, ह्यांचा वृत्तांत वाचावयास मिळेल अशी वाचकांची अपेक्षा असते व ती रास्तच आहे. आम्हीं मात्र आमच्या वांट्यास आलेल्या ह्या पानांवर एका निराळ्या इतिहासाची हकीकत देण्याचें योजिलें आहे. ज्यांच्याजवळ पैसा नाहीं, ज्यांस हातचें काम टाकून शहरांत जातां येत नाहीं, अशा खेड्यांतील स्त्रीपुरुषांस औषधपाणी कसें पोहोंचवावें, ह्या प्रश्नाचा हा इतिहास आहे. त्यांतील अत्यंत महत्त्वाचें प्रकरण आपल्याच नाशिक धर्मप्रांतांत मोडणाऱ्या अहमदनगर जिल्ह्यांत (२०२४ पासून ह्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) घडून आलें, आणि त्याची कीर्ति सातासमुद्रांपलीकडे गेली असतांही आपल्या खानदेशांत ती म्हणावी तितकी पोहोंचलेली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

नशिराबाद जळगांव व भुसावळ ह्या दोन शहरांच्या मध्यें हमरस्त्यावर वसलेलें आहे. भादलीचें स्टेशन कोसभरावर आहे. एके काळीं काळ्या काचेच्या बांगड्यांबद्दल ह्या गांवाची ख्याति होती. अशा गांवास दवाखाना दूर पडतो असें कोणी म्हणणार नाहीं. जळगांवास २०१८ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालें. तथापि शेतमजुरास दवाखान्यांत जावयाचें म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. बरोबर कोणी आलें तर दोन माणसांची बुडते. एका ठिकाणीं रक्त तपासावयाचें, दुसऱ्या ठिकाणीं छायाचित्र काढावयाचें, तिसऱ्या ठिकाणीं औषध घ्यावयाचें, आणि पंधरा दिवसांनीं पुनः तेंच. पहिल्या खेपेस गुण आला कीं मनुष्य दुसरी खेप घालीत नाहीं, व न आला तर भगताकडे जातो. दोहों बाजूंनीं रोग शरीरांत राहतोच. जेथें कोस दोन कोसांवर इस्पितळ आहे तेथें ही दशा, तर सातपुड्याच्या पाड्यांवर काय होत असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

हा विचार आपल्या देशांत नवा नव्हे. १९३८ सालीं काँग्रेसनें राष्ट्रीय नियोजन समिति स्थापिली, तिचे अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचें काम मुंबईच्या हाफकिन संस्थेचे प्रमुख कर्नल साहिबसिंग सोखी ह्यांजकडे आलें. दर हजार वस्तीमागें गांवांतील एक व्यक्ति निवडून तिला आरोग्याचें प्राथमिक शिक्षण द्यावें, अशी सूचना त्या उपसमितीनें केली होती. पुढें १९४३ सालीं सरकारनें सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरी समिति नेमिली व तिचा अहवाल १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीही वैद्यकीय मदतीस मुकूं नये, हें तिनें मूलतत्त्व ठरविलें, व त्यासाठीं ठिकठिकाणीं आरोग्य केंद्रें उघडण्याची योजना आंखिली. स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रें निघूं लागलीं तीं ह्याच अहवालाच्या आधारें. भोर समितीचा भर शिकलेल्या डॉक्टरावर होता, सोखी समितीचा गांवच्या माणसावर. सरकारनें पहिला मार्ग धरिला. इमारती झाल्या, पाट्या लागल्या. परंतु पदवी घेतलेला तरुण डॉक्टर खेड्यांत रमेना, आणि खेड्यांतील रोगी त्या इमारतीची पायरी चढेना.

येथें आमच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ऑस्ट्रेलियांतून १९२० सालीं गुंटूर येथें आलेल्या डॉक्टर मेरी ग्लोरी ह्यांनीं धर्मभगिनीचें व्रत घेतलें. धर्मभगिनींनीं वैद्यकीचा व्यवसाय करूं नये असा त्या काळचा दंडक असल्यामुळें त्यांस पोपसाहेबांची खास परवानगी मिळवावी लागली. धर्मभगिनींस बाळंतपणें करण्याची मोकळीक रोमहून सर्वसाधारणपणें मिळाली ती १९३६ सालीं, म्हणजे कितीतरी उशिरां. सिस्टर मेरी ह्यांनीं केवळ रोगी तपासले असें नाहीं; तेथल्याच स्त्रियांस औषधें बनविणें, सुईणपण व शुश्रूषा हीं कामें त्यांनीं शिकविलीं, आणि १९४३ सालीं देशांतील कॅथलिक इस्पितळांचा संघ स्थापिला. आज त्या संघाचा पसारा देशभर आहे. एकट्या डॉक्टराच्या हातून होणारें काम फार थोडें, हें त्यांनीं ओळखिलें होतें. तथापि तेंही काम मुख्यतः इस्पितळाच्या आवारांतलें. आवाराबाहेर पडून खेड्याच्या उंबरठ्यापर्यंत जाण्याचें कार्य ज्यांनीं महाराष्ट्रांत सिद्धीस नेलें ते आरोळे दंपती प्रॉटेस्टंट पंथाचे होते. चांगल्या कार्याचें श्रेय देतांना पंथ पाहण्याची आमची चाल नाहीं.

डॉक्टर रजनीकांत आरोळे ह्यांचा जन्म १९३४ सालीं अहमदनगर जिल्ह्यांत झाला. आईबाप दोघेंही शिक्षक. त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल ह्या १९३५ सालीं जबलपूर येथें जन्मल्या. वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत दोघांची गांठ पडली. १९६० सालीं विवाह झाला. नगर जिल्ह्यांतील वडाळा येथील मिशन इस्पितळांत त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें. तेथें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ज्या मुलास जुलाबांतून वांचवून घरीं धाडावें तें महिन्या-दोन महिन्यांत पुनः त्याच दुखण्यानें येतें, कारण तेंच पाणी व तीच उपासमार घरीं वाट पाहत असते. मग ते अमेरिकेस गेले, उच्च शिक्षण घेतलें, व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत प्राध्यापक कार्ल टेलर ह्यांच्या हाताखालीं सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. इतकी विद्या पदरीं असलेल्यांस मुंबईस बंगला बांधणें कठीण नव्हतें. १९७० सालीं त्यांनीं जामखेड निवडलें. अवर्षणाचा प्रदेश, नगर शहरापासून दूर, व गरिबी इतकी कीं शहाण्या डॉक्टरानें तेथें दुकान मांडूं नये.

जामखेडच्या पुढाऱ्यांनीं त्यांस गुरांचा जुना, बंद पडलेला दवाखाना दिला आणि तेथें काम सुरू झालें. ह्यापुढील भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. डॉक्टरांनीं गांवोगांव जाऊन लोकांस विचारिलें कीं, तुम्हांस काय पाहिजे? कोणीही दवाखाना मागितला नाहीं. लोकांनीं अन्न मागितलें व पाणी मागितलें. १९७२ चा दुष्काळ तोंडावर होता. तेव्हां आधीं मुलांच्या जेवणाची सोय आणि विंधनविहिरी हींच कामें हातीं घेतलीं. तरुण शेतकरी जवळ यावेत म्हणून आरोळे त्यांच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळत, आणि त्या खेळांतूनच गांवोगांव शेतकरी मंडळें उभीं राहिलीं. विहिरींच्या जागा ठरवितांना एक युक्ति योजिली गेली. पुष्कळ ठिकाणीं विहीर दलित वस्तींत खोदविली. ज्या गांवांत दलितांस पाण्यासाठीं दुसऱ्याच्या ओंजळीची वाट पाहावी लागे, तेथें आतां वरच्या आळीच्या बायका घागर घेऊन दलितांच्या वस्तींत येऊं लागल्या. शिवाशिवीवर व्याख्यानें पुष्कळ झालीं आहेत. तहानेनें जें केलें तें व्याख्यानांस साधलें नव्हतें.

प्रारंभीं शिकलेल्या परिचारिकांस खेड्यांत ठेवून पाहिलें. त्या टिकल्या नाहींत. परक्या गांवांत एकट्या तरुण स्त्रीस राहणें कठीण. शिवाय तिची भाषा, तिचा पोशाख, तिचें बोलणें गांवच्या बायकांस परकें वाटे. तेव्हां असा विचार निघाला कीं, गांवांतलीच एखादी बाई शिकवावी. गांवकऱ्यांनींच ती निवडावी, ती लग्न होऊन त्या गांवांत नांदणारी असावी, व तिला लोकांविषयीं कळवळा असावा, एवढीच अट. लिहितां वाचतां येण्याची अट नव्हती, कारण ती घातली असती तर बाईच मिळाली नसती. निवडलेल्यांपैकीं कित्येक दलित होत्या, कांहीं विधवा, कांहीं नवऱ्यानें टाकलेल्या. त्या आठवड्यांतून दोन दिवस जामखेडास येत. सर्व जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र निजत. पहिल्या पहिल्यानें ह्यावर कुरकूर झाली. पुढें ती मावळली. एका वेळीं एकच विषय शिकावयाचा, गांवीं जाऊन तो दहा घरांत सांगावयाचा, आणि पुढल्या आठवड्यांत लोक काय म्हणाले तें परत येऊन कळवावयाचें, अशी शिकवण्याची रीति होती. गरोदर बाईनें कमी खावें म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सोपें जाईल, हा घरोघरचा समज ह्या बायकांनीं स्वतः मोडून काढिला. बाहेरून आलेल्या डॉक्टराच्या शब्दानें तो मोडला नसता, कारण डॉक्टर रात्रीं आपल्या घरीं जातो.

आतां ह्या व्यवस्थेची रचना पाहूं. गांवांत आरोग्यसेविका. तिच्यावर परिचारिका व समाजसेवक ह्यांची फिरती तुकडी, जी ठरल्या वारीं गांवांत येई व गरज पडेल तेव्हां डॉक्टरास आणी. सर्वांवर जामखेडचें लहानसें इस्पितळ. एवढ्यावरून ही सरकारी उतरंडीसारखीच उतरंड दिसेल. परंतु येथें काम खालून वर जाई. सेविकेनें जें पाहिलें त्यावरून तुकडीचा दिवस ठरे, व तुकडीनें जें निवडलें तेवढेंच इस्पितळांत जाई. जो रोगी इस्पितळांतून परत येई त्याची चिठ्ठी सेविकेकडे येई, आणि तो औषध घेतो कीं नाहीं, जखम बांधतो कीं नाहीं, हें ती आपल्या गल्लींत जातां येतां पाही. रोगी मध्येंच हरवण्याची जी भीति आम्हीं वर सांगितली, ती येथें बरीच टळली. दुष्काळी प्रदेशांत ज्यांचे हातपाय अपघातानें गेले अशांसाठीं कृत्रिम पाय तयार करण्याचा कारखानाही पुढें जामखेडास निघाला, आणि तो चालविणारे कारागीर तेथलेच होते.

क्षयरोगाचें उदाहरण घेऊं. पूर्वीं क्षयी मनुष्यास डोंगरावरील आरोग्यधामांत धाडीत, व गरिबास तें परवडत नसे. मद्रास येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या शास्त्रीय प्रयोगानें असें सिद्ध झालें कीं, रोगी आरोग्यधामांत राहिला काय किंवा घरीं राहून त्यानें औषध घेतलें काय, गुण सारखाच येतो, व घरच्या माणसांस त्यामुळें अधिक लागण होते असेंही नाहीं. शोध मोठाच, परंतु त्याबरोबर औषध पुरतें घेतलें जातें कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी घरावर व गांवावर आली. पूर्वीं वर्ष दीड वर्ष, आतां निदान सहा महिने, न चुकतां गोळ्या घ्याव्या लागतात. दुसऱ्या महिन्यांत खोकला थांबतो, अंगांत जोर येतो, व मनुष्य कामास लागतो. नेमकें त्याच वेळीं औषध सुटतें, आणि मग जो रोग उलटतो तो साध्या औषधास दाद देत नाहीं. ह्या ठिकाणीं तज्ज्ञ डॉक्टर निरुपयोगी आहे. रोज सकाळीं दारांत येऊन ‘गोळी घेतली का, दादा?’ असें विचारणारी शेजारीण पाहिजे.

कुष्ठरोगाची गोष्ट ह्याहून बिकट. कोणास चट्टा उठला तर घरचे लोक तो लपवीत, कारण तो उघडा झाला कीं मुलीचें लग्न अडे व मनुष्य गांवाबाहेर जाई. जामखेडच्या सेविका स्वतः भीत भीत हा विषय शिकल्या. परंतु बधिर चट्टा कोणता व साधा कोणता हें त्यांस एकदां कळल्यावर, न्हाऊं घालतांना, डोकें विंचरतांना, बाळंतिणीस शेक देतांना त्यांस जे चट्टे दिसत ते कोणाही पाहणी अधिकाऱ्यास दिसणें शक्य नव्हतें. जामखेडच्या इस्पितळांत ह्या रोग्यांसाठीं निराळी कोठडी ठेविली नाहीं. ते इतर रोग्यांच्या शेजारींच निजत. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली व रोग बरा होण्यास लागणारा काळ पुष्कळच कमी झाला. ज्या गांवांत रोगी आधींच उजेडांत आले होते, तेथें त्या औषधाचा उपयोग सर्वांत लवकर झाला, हें निराळें सांगावयास नको.

फळ काय मिळालें? जामखेडच्या नोंदींप्रमाणें १९७१ च्या सुमारास दर हजार जन्मांमागें १७६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत. १९७६ सालीं हा आंकडा ५२ वर आला. आंकडे संस्थेचे स्वतःचे आहेत हें खरें. तथापि परदेशींच्या अनेक जाणत्यांनीं तेथें येऊन काम पाहिलें व मान्य केलें. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आलें. १९७८ सालीं सोव्हिएट संघांतील अल्मा आटा येथें जगांतील राष्ट्रांनीं प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्यामागें जीं उदाहरणें होतीं त्यांत जामखेड होतें. १९७९ सालीं पतिपत्नींस मॅगसेसे पारितोषिक मिळालें; १९९० सालीं डॉक्टर रजनीकांतांस पद्मभूषण. आम्हांस ह्या सन्मानांहूनही एक प्रसंग अधिक बोलका वाटतो. १९८८ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेंत जामखेडच्या एका आरोग्यसेविकेनें भाषण केलें. सभागृहांतील लखलखत्या झुंबरांकडे बोट दाखवून तिनें डॉक्टरांस त्यांची उपमा दिली: शोभिवंत, महाग, व हात न पोहोंचणारे. मग स्वतःजवळची लहान पणती दाखवून ती म्हणाली कीं, आम्ही ह्या पणतीसारख्या, एकीवरून दुसरी लावतां येते. जिला पूर्वीं गांवच्या सभेंत बसण्याची मुभा नव्हती तिचें हें बोलणें ऐकून सभा उठून उभी राहिली, ह्यांत नवल नाहीं. डॉक्टर मेबल १९९९ सालीं व डॉक्टर रजनीकांत २०११ सालीं निवर्तले. त्यांची मुलें शोभा व रवि ह्यांनीं काम पुढें चालविलें.

सरकारनें ह्या प्रयोगाचें अनुकरण केलें, आणि तें कसें केलें हें पाहण्यासारखें आहे. १९७७ सालच्या २ ऑक्टोबरास, म्हणजे गांधीजयंतीस, देशभर आरोग्यरक्षकांची योजना सुरू झाली. दर हजार वस्तीस एक, तीन महिन्यांचें शिक्षण, महिना ५० रुपये मानधन. परंतु निवडले गेले ते बहुधा पुरुष, व निवडणारे बहुधा गांवचे वजनदार लोक. जामखेडास शिक्षण कधींच संपत नसे; येथें तें तीन महिन्यांत संपलें, आणि त्यानंतर त्या माणसामागें कोणी उभें राहिलें नाहीं. पुढें नांवें बदललीं, पैसे थकले, व योजना विझली. आमच्या मतें सरकारनें जामखेडचा सांगाडा उचलला व जीव तेथेंच ठेविला. उलट पक्षीं असेंही म्हणतां येईल, व तें कांहीं जाणते म्हणतात, कीं आरोळ्यांसारखीं माणसें गांवोगांव मिळत नसल्यामुळें जामखेड हा नमुना नसून अपवाद आहे. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. मात्र सेविका अपवादात्मक नव्हत्या. तशा बायका प्रत्येक गांवांत आहेत.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान निघालें तेव्हां ही चूक पुष्कळ अंशीं सुधारली. ‘आशा’ ही त्याच गांवांत नांदणारी स्त्रीच असावी असें ठरलें. आज खानदेशांतील घरोघर तिचें नांव ठाऊक आहे. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा गौरव केला. परंतु तिला पगार नाहीं. प्रारंभीं तर अमुक बाळंतपण झालें, अमुक लस टोंचली, कीं तेवढ्याचेच पैसे मिळत. २०२१ च्या जून महिन्यांत, महामारीचें काम पाठीवर असतांना, महाराष्ट्रांतील आशांनीं संप केला, तो ह्याच रागानें. शिवाय ज्या कामास पैसे अधिक तें काम आधीं होणार हा मनुष्यस्वभाव आहे. माता व अर्भकें ह्यांकडे लक्ष पुरविलें जातें आणि तें जावेंच. परंतु पन्नाशीची मजूर बाई, जिचें डोकें रक्तदाबानें भणभणतें, किंवा साखरेच्या विकारानें ज्याच्या पायाची जखम भरत नाहीं असा शेतकरी, ह्यांची वास्तपुस्त करावयास पुष्कळ काळ कोणी नव्हतें. जामखेडच्या जुन्या सेविकांनीं रक्तदाब मोजण्याचें यंत्र हातीं घेतलें व गांवांतील वृद्धांच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात केली, ही त्यांच्या कामाची अलीकडची दिशा आहे, आणि ती आम्हांस फार योग्य वाटते.

आपल्या खानदेशास आणखी एक अडचण आहे, ती जामखेडासही आहे. दिवाळी झाली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. सातपुड्यांतील भिल्ल व पावरा लोक गुजराथेंत जातात. चार सहा महिने घरास कुलूप. क्षयाचें औषध घेणारा मनुष्य फडावर गेला म्हणजे त्याची सेविका मागें राहते, आणि फडावर त्याला ओळखणारें कोणी नसतें. सिकलसेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक विकार ह्या लोकांत आढळतो. त्यांत हाडें दुखण्याची जी कळ येते ती जन्मभर केव्हांही येते, व तिला गांव आणि फड हा भेद कळत नाहीं. एका गांवची नोंद दुसऱ्या राज्यांतील दवाखान्यांत पोहोंचेल अशी सोय झाल्यावांचून येथें जामखेडची रीति पुरी पडणार नाहीं. आमच्या नशिराबादेंतून मजुरीस बाहेर जाणाऱ्यांचीही तीच गोष्ट आहे.

नंदुरबार जिल्हा १९९८ सालीं धुळ्यापासून निराळा झाला. त्याच्या उत्तर टोंकास, सरदार सरोवराच्या पाण्यानें वेढलेले पाडे आहेत. तेथें रस्ता नाहीं, होडीनेंच जावें लागतें, आणि सरकारनें तरंगते दवाखानेही ठेविले आहेत. २०२० सालीं महामारीच्या भीतीनें त्या पाड्यांवरील बायका खालीं येईनाशा झाल्या. तेव्हां अक्कलकुवा तालुक्यांतील चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेनें कोळ्याची लहान होडी मागून घेतली, आणि गरोदर बायका व तान्हीं मुलें तपासण्यासाठीं ती आठवड्यांतले बहुतेक दिवस नर्मदेंत स्वतः वल्हें मारीत त्या पाड्यांवर जात राहिली. होडींत वजनाचा कांटा व पोषक आहार असे. ती त्या काठचीच असल्यामुळें होडी वल्हविणें तिला लहानपणापासून येत होतें.